पाय काढला तरी क्लच वर येत नाही : वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

पाऊस सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जूनमध्ये वायपर आणि ब्रेक, श्रावणात बॅटरी, आणि गणपती विसर्जन झालं की क्लच. यंदा आलेल्या पत्रांमधली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसाच प्रश्न आणखी चौघांनी विचारला आहे आणि त्यात पैसे फुकट जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते. माझी शाळा दाभोळच्या बाजूला असल्यामुळे रोज धोपाव्याहून फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यावी लागते. गाडी २०११ ची, पेट्रोलवरची लहान गाडी आहे, ७८ हजार किलोमीटर झाले आहेत. गणपतीच्या सुट्टीत ती आठ-दहा दिवस अंगणात उभी होती. त्यानंतर सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल अर्ध्यावर अडकून राहतं. चपलेच्या टोकाने वर ओढावं लागतं. दहा-बारा वेळा दाबलं की चालू होतं, पण पावसाचा दिवस असला की दिवसभर जड राहतं. परवा बोटीवर गाडी मागे घेताना पेडल वर आलंच नाही आणि मी फार घाबरले. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर गाडी न उघडताच ‘क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट बदला, साडेआठ हजार होतील’ असं सांगितलं. बदलू का?
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : बाई, आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांमध्ये क्लच प्लेट गेल्याचं एकही लक्षण नाही.

प्लेट झिजली की पेडल अडकत नाही, गाडी ओढत नाही. चढावर इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही, जळका वास येतो, पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलायला लागते. हे तुम्ही घरीच तपासू शकता. मोकळ्या सपाट जागेत, समोर कुणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, डावा पाय क्लचवर आणि उजवा ब्रेकवर ठेवा. गाडी चालू करून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडकन बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट खरंच संपली आहे. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

आता पेडल वर येतं कशामुळे, ते सांगतो. तुमच्या गाडीत क्लच वायरवर चालतो. पेडल वरच्या बाजूला एका पिनवर झुलतं, त्याच्या टोकाला वायर अडकवलेली असते, ती इंजिनच्या कप्प्यातून गिअरबॉक्सवरच्या एका आडव्या हातापर्यंत जाते. आपण पाय दाबला की वायर तो हात ओढते, आतला फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेटला इंजिनकडच्या चाकावर दाबून धरणाऱ्या तबकडीच्या, गोल पोलादी स्प्रिंगवर दाब देतं. पाय काढला की तीच स्प्रिंग सगळ्यांना मागे ढकलते. पेडलजवळची किंवा गिअरबॉक्सच्या हातावरची छोटी स्प्रिंग तिला फक्त मदत करते. म्हणजे परत ढकलायला जोर भरपूर आहे. पेडल अडकलं याचा अर्थ वाटेत कुठेतरी घासतंय, नाहीतर गंज धरलाय. आणि ही वाट पेडलपासून सुरू होते, गिअरबॉक्सपासून नाही. शोधही पेडलपासूनच घ्यायचा.

सगळ्यांत आधी पायाखालचं मॅट काढा. हे मी मनापासून सांगतोय. हल्ली ते जाड, शिवलेलं, कडा उंच असलेलं मॅट सगळीकडे बसवतात. गेल्या वर्षी चिपळूणहून एक गृहस्थ आले होते, दोन ठिकाणी क्लच वायर बदलून झाली होती. मॅटची कड पेडलच्या मागे दुमडून बसत होती, तेवढंच. कात्रीने कड कापली आणि ते घरी गेले.

मॅट काढूनही तसंच असेल तर किल्ली काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक लावून, ड्रायव्हरच्या दारातून डोकं आत घालून टॉर्चने पेडलचा वरचा भाग पाहा. पिनजवळ तांबूस पूड दिसली तर बुश, म्हणजे पिनभोवतीची छोटी नळी, कोरडं पडलं आहे. वायरचं टोक पेडलच्या हुकातून मोकळं करा आणि पेडल नुसतं बोटाने हलवा. झोपाळ्यासारखं सहज गेलं पाहिजे. तिथेच अडत असेल तर पिन काढून रॉकेलने पुसून, बुश बदलून, ग्रीस लावून बसवायची. अर्ध्या दिवसाचं काम.

पेडल मोकळं निघालं तर बॉनेट उघडा. गिअरबॉक्सकडचं वायरचं टोक सोडवा. त्यावर आट्यांची नट असते, त्या नटच्या पुढे किती आटे दिसतात ते सोडवण्याआधी मोजून ठेवा. आता दोन्ही टोकं मोकळी आहेत. आतली तार एका टोकाने ओढा, मग दुसऱ्या टोकाने. चांगली तार लोण्यातून गेल्यासारखी जाते. जी तार करकरते, एका ठिकाणी अडून मग सुटते, तिचं आयुष्य संपलं.

माझा अंदाज, तुमची तारच गेली असणार, आणि तीही गिअरबॉक्सकडच्या टोकाला. कारण तुमची रोजची वाट. फेरीबोटीचा उतार प्रत्येक खेपेला खाडीच्या पाण्यात बुडतो. गाडी त्यावरून जाते तेव्हा चाकं ते खारं पाणी खालून वर उडवतात. त्यात वर चढताना-उतरताना रस्त्याची तांबडी माती. वायरच्या त्या टोकाला एक रबरी टोपी असते, ती वर्षांनी चिरते आणि पाणी तारेवरून आवरणात उतरतं. गाडी रोज चालते तोवर तार हलत राहते, गंज फार धरत नाही. आठ-दहा दिवस उभी राहिली की बसतो. म्हणून सुट्टीनंतर आणि म्हणून सकाळी.

श्रावणात जयगडच्या बाजूची अशीच एक गाडी आली होती. काढलेली वायर मी करवतीने कापून मालकाला दाखवली, कारण त्यांनाही कुणीतरी सेट बदलायला सांगितला होता. वरचं हातभर आवरण आतून स्वच्छ होतं. खालची चार बोटं मात्र पाहण्यासारखी होती. तारेचे सात-आठ धागे तुटून केसांसारखे उभे राहिले होते, आणि त्यांच्यात माती, गंज आणि जुनं ग्रीस मिळून काजूच्या चिकासारखा काळसर गोळा घट्ट झाला होता. पेडल दाबताना ते तुटके धागे आवरणात रुतायचे आणि परत येताना उलटे अडकायचे. दाबताना जाणवत नाही, येताना अडतं, त्याचं कारण हेच.

अशी वायर असेल तर बदलाच. तेल घालून चालवू नका. तेल घातलं की दोन-चार दिवस बरं वाटतं, पण हल्लीच्या बऱ्याच वायरींना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यांना तेलाची गरजच नसते. तेलाला माती चिकटते आणि मग आणखी वाईट. धागे तुटलेली तार कधी ना कधी पूर्ण तुटणार, आणि ती बोटीच्या उतारावर तुटावी असं तुम्हाला वाटणार नाही. नवी वायर काही शे रुपयांना मिळते. तुमच्या गाडीच्याच मापाची, चांगल्या कंपनीची घ्या.

बसवताना तीन गोष्टी मेकॅनिककडून करून घ्या. जुनी वायर ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने नवी न्यायची, तिला कुठेही तीव्र वळण नको आणि सायलेन्सरच्या गरम पाइपला ती टेकायला नको. टोकाची रबरी टोपी नवी असलीच पाहिजे. आणि नट लावल्यावर पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून पुन्हा प्ले बघायचा, कारण नवी वायर थोडी बसते. प्ले म्हणजे पेडल हाताने दाबल्यावर जोर लागायला सुरुवात होईपर्यंतचं मोकळं अंतर. अशा लहान गाड्यांना ते साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत नेमकं दिलेलं असेल. दोन बोटांच्या जाडीपेक्षा कमी, एका बोटापेक्षा जास्त, असं मी शिकाऊ पोरांना सांगतो. प्ले ठेवलाच नाही तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि मग खरोखर सेट बदलायची वेळ येते.

वायर निघालेली असतानाच गिअरबॉक्सवरचा तो आडवा हात हाताने हलवून बघायला सांगा. आधी थोडा मोकळा हलतो, मग स्प्रिंगचा दाब लागतो, सोडला की परत येतो. तो जागच्या जागी अडकत असेल, हलवताना आतून करकर वाजत असेल, तर फोर्कच्या दांड्याचे बुश गंजले आहेत किंवा बेअरिंग आपल्या नळीवर सरकत नाही. तसं निघालं तरच गिअरबॉक्स उतरवायचा. आणि उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, बुश सगळं एकदम बदलून घेतलेलं बरं, कारण मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच असते. तेव्हा साडेआठ हजार मोजायला माझी ना नाही. माझा आक्षेप न बघता सांगण्याला आहे.

हे मी इतकं लांबवून लिहितोय, त्यालाही कारण आहे. हातखंब्याच्या तिठ्याजवळ गॅरेज टाकून मला दोनच वर्षं झाली होती. लांज्याहून एक गुरुजी गाडी घेऊन आले, पेडल असंच अडकत होतं. मी वायर ओढून पाहिली नाही. सरळ गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट टाकली, दोन दिवस लावले. गाडी चालू केली तर पेडल तसंच. मग वायर काढली. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, बाकड्यावर बसून होते. मजुरी मी परत केली, प्लेटचे पैसे हप्त्याने परत केले. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात पेडलची तक्रार आली की पहिली वायर निघते, मग पान्याला हात.

आणि बाई, बोटीवर गाडी मागे घेताना क्लच अर्धा दाबून फार वेळ धरू नका. पुढची गाडी सरकेपर्यंत न्यूट्रल आणि हँडब्रेक. उतार भिजलेला असतो, पाय ब्रेकवर असू द्या. वायर बदलेपर्यंत दोन दिवस बसने शाळेत गेलात तर मला बरं वाटेल.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, गाडी देवगडजवळच्या गावी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. शिमग्याला वापरली, मेमध्ये आंब्याला वापरली, मग एकदम गणपतीला. या वेळी क्लचचं पेडल व्यवस्थित खाली-वर होतं, पण गाडी चालू असताना कुठलाही गिअर पडत नाही, नुसता आवाज येतो. गाडी बंद करून गिअर टाकला तर पडतो. गावातला पोरगा म्हणाला, ‘क्लच चिकाटलो.’ पेडल तर चिकटलेलं नाही, मग काय चिकटलं?
— एक चाकरमानी, बोरिवली

उत्तर : पोरगा बरोबर बोलला. तुमचं पेडल मोकळं आहे, आत प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, चिकटली आहे. चार महिने दमट हवेत गाडी हलली नाही की फ्लायव्हीलच्या तोंडावर गंजाची साय येते आणि प्लेटचं अस्तर तिला धरून बसतं. क्लच दाबला की प्रेशर प्लेट मागे होते, पण प्लेट सुटत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस लागत नाही एवढंच, हवा तीच. देवगडची हवा बंद शेडमध्येही खारीच असते.

बहुतेक वेळा गाडी न उघडता हे सुटतं. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून गरम करा, मग बंद करा. समोर शंभर-दीडशे मीटर मोकळा, सपाट रस्ता पाहिजे, माणसं-गुरं नकोत, पोरांना घरात पाठवा. आधी ब्रेक लागतो की नाही ते तपासा. मग गाडी बंद असतानाच दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि किल्ली फिरवा. गाडी धक्क्याने पुढे निघेल, चालू होईल. क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलेटर द्या, सोडा, द्या, सोडा. या हिसक्याने प्लेट एकदम सुटते आणि गाडी मोकळी धावायला लागते. नाही सुटली तर ब्रेक मारा, इंजिन बंद पडेल, गाडी थांबेल. दोन-तीनदा करून सुटलं नाही तर जोर लावत बसू नका, गिअरबॉक्स उतरवून प्लेट सोडवावी लागेल. खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हे कुणी करून बघू नये, इतकं मी हात जोडून सांगतो.

पुढच्या वेळेसाठी : गावात विश्वासाचं कुणी असेल तर दहा दिवसांतून एकदा गाडी चालू करून नुसती उभी ठेवण्यापेक्षा दोन किलोमीटर चालवून आणायला सांगा, म्हणजे क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर सगळ्यांचंच भलं होतं. कुणीच नसेल तर जुने ड्रायव्हर करायचे तसं करता येतं. क्लच पूर्ण दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकडी दांडा अडकवून ठेवायचा, प्लेट सुटलेली राहते. मी हे वायरच्या गाडीलाच करतो, तेही महिना-दीड महिना, कारण तेवढा वेळ स्प्रिंग दाबलेली राहिली तर चालतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या गाडीला मी करत नाही, तिथे सील दाबाखाली राहतात. दांडा लावलात तर स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, नाहीतर तुम्हीच विसराल.

प्रश्न : माझी पिकअप आहे, पावसहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतो, आता पावसाळ्यात सिमेंट-चिरा. आंबा घाटात चढताना क्लच एकदम खाली जाऊन तिथेच राहिला. दोन-चारदा पायाने वर काढून दाबल्यावर लागला. साखरप्याला परत आल्यावर क्लचच्या डबीत तेल कमी दिसलं म्हणून एकाने इंजिन ऑइल टाकलं. आता पेडल अजूनच मऊ झालंय. काय करू?
— एक पिकअपवाला, पावस

उत्तर : दादा, गाडी आहे तिथे उभी करा. तुमचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो आणि ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खनिज तेल नसतं. क्लचच्या सिलिंडरमधले रबरी सील इंजिन ऑइल लागलं की फुगतात, मऊ पडतात. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. तुमच्या गाडीत तसं असेल तर हे तेल ब्रेकमध्येही गेलं, म्हणून भरलेली गाडी राहू दे, रिकामीही घाटात नेऊ नका. उचलून गॅरेजला आणा. डबी, पाइप, पेडलकडचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर सगळं रिकामं करून धुवायला लागेल आणि जिथे जिथे ते तेल पोचलं तिथली रबरं नवी घालावी लागतील. खर्च येईल, पण यात काटकसर करू नका.

मूळ दुखणं कुठे आहे ते दोन ठिकाणी बघा. पेडलच्या मागे, जिथून दांडी मास्टर सिलिंडरमध्ये जाते, तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टरचा सील गेला. दुसरं, गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी थोडी वर करा. आतून तेल गळलं तर स्लेव्ह गेला. दोन्ही कोरडे असून डबीत तेल पुरेसं असतानाही पेडल खाली बसत असेल तर मास्टरचा सील आतल्या आत तेल सोडतो, बाहेर काहीच दिसत नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. तांबड्या मातीत तो खचतो. खाली फळी आणि बाजूला स्टँड लावूनच आत शिरा.

घाटातच का झालं, तर तेल जुनं असणार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाणीच पाणी. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ती हद्द १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. भरलेली गाडी, घाटाची चढण, हाफ क्लचवर तासभर आणि शेजारी तापलेला सायलेन्सर. तेलात बुडबुडे झाले की पाय बुडबुडे दाबतो, क्लच दाबला जात नाही. गाडी थंड झाल्यावर परत लागतो, म्हणून माणूस फसतो आणि तसाच पुढे जातो. डबीच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते छापलेलं असतं, तेच, सीलबंद बाटलीतलं, दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

नवं तेल भरल्यावर हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक खाली निपलजवळ, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा सोडायच्या छोट्या तोंडाजवळ, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. वरचा दाबून धरतो, खालचा निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो, मगच वरचा पाय सोडतो. पाय आधी सोडला तर हवा परत आत. डबी मध्ये मध्ये भरत राहायची, रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबले आणि पेडल एकसारखं कडक लागलं की झालं. तरीही पेडल खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर बदला.

घाटात पुन्हा कधी पेडल खाली राहिलंच तर धोक्याचे दिवे लावा, गाडी डाव्या कडेला घ्या, इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा. क्लीनरला आधी खाली उतरवून दगड लावू द्या, मगच ब्रेकवरचा पाय काढा.